तिकडे राहिलेली माणसं

बाईंनी पुस्तकाचं एक पान न वाचताच उलटलं. त्या पानावर वादळात पालथ्या पडलेल्या व्हायकिंग होड्यांचं चित्र होतं, आणि दुसऱ्या बाकावर ती मुलगी बसली होती.

एरवी ही मुलगी बाईंना धड एक वाक्य पुरं करू द्यायची नाही. बाई तिला लाडानं ‘शंकासूर’ म्हणायच्या. पण हिवाळ्याच्या तोंडाशी तिचा बाप गेला आणि शंकासुराच्या शंका संपल्या. बाप मालवाहू जहाजावर फिटर होता, वर्षातले बरेच महिने बाहेरच. “वादळात डेकवरून गेला. देह मिळाला नाही,” असं तिची आई शाळेत येऊन सांगून गेली होती. डोळ्यांत टिपूस नव्हता. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली तेव्हा बाईच तिच्या बाजूनं बोलल्या होत्या, “दुःख अति झालं की माणसाचा दगड होतो.”

म्हणून आज बाईंनी वादळं गाळली आणि उत्तरेकडच्या या व्हायकिंग दर्यावर्दींच्या स्वाऱ्यांपासून सुरुवात केली. उथळ तळाच्या होड्या, त्यामुळे नदीतून थेट गावात शिरता यायचं. मठ लुटायचे, धान्य भरायचं, वारा धरून पसार व्हायचं.

“म्हणजे चोरच की,” मागून एकजण म्हणाला.

“उन्हाळ्यात चोर. एरवी घरी शेळ्यामेंढ्या राखायचे.”

“आमचा काकापण उन्हाळ्यातच येतो, बाई. फ्रीज साफ करून जातो.”

वर्ग खिदळला. बाईही हसल्या आणि त्या नादात पुढे बोलत गेल्या. सगळेच काही लुटून परत यायचे नाहीत. काही जण पश्चिमेला गेले, आइसलंडला, ग्रीनलंडला. तिथं घरं बांधली, कुरणं राखली, संसार थाटले. तिथलेच झाले.

दुसऱ्या बाकावरून हात वर आला.

“घरी कसं कळवलं त्यांनी?”

बाईंचा खडू थांबला. “तेव्हा कुठले फोन? जाणायेणाऱ्या होडीबरोबर निरोप. कितीकांचा पोचलाच नसेल.”

“मग घरच्यांना वाटलं असेल, बुडाले.”

“वाटलं असेल.”

“पण ते होते.”

“काही होते,” बाई म्हणाल्या. मुलांना खोटं सांगायचं नाही, हा त्यांचा बाणा होता.

मुलगी हसली. कित्येक महिन्यांनी हसली. त्या दिवशी तिनं डबा चाटूनपुसून संपवला. दुसऱ्या दिवशी तिनं मोठा नकाशा काढून आणला. कुठलं बंदर किती लांब, तिथं थंडी किती, फिटरची कामं मिळतात का. प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला सांगत होती, “बाबांना पोहता येतं. ते तिकडेच राहिलेत. बाईच म्हणाल्या.”

ते कानावर पडताच बाई हेडसरांकडे गेल्या.

“उगाच जखमेवरची खपली काढलीत,” हेडसर म्हणाले. “आता तुम्हीच निस्तरा.”

संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शिलाई मशीन. आई कपडे शिवून द्यायची. मशीनवर निळं जाड कापड होतं, बापाच्या कामाच्या पँटी उसवून मुलीसाठी फ्रॉक चालला होता. भिंतीवर त्याचा एकही फोटो नव्हता. बाईंना भडभडून आलं. हिला बघवत नसेल, त्यांनी मनाशी म्हटलं.

मुलगी जिन्यात शेजारच्या आजींना नकाशा समजावत होती. तिचा आवाज आत येत होता.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “मी शिकवत होते व्हायकिंगांचं, आणि तिनं ते बापाला लावून घेतलं. उद्या मी तिला जवळ घेऊन हळूहळू समजावते.”

“हळूहळू नको,” आई म्हणाली. “सरळ सांगा. म्हणावं, समुद्र कुणाला सोडत नाही. बुडाले सगळे.”

“अहो, लेकरू आहे ते. चार महिन्यांनी जेवायला लागलंय. एकदम आशा तोडायची म्हणजे...”

“तोडा.”

दगड म्हटलं होतं ते खोटं नव्हतं, असं बाईंना वाटून गेलं.

आईनं मशीनवरचं कापड उचललं, दोरा दातानं तोडला. “मेलेल्या बापासाठी पोर रडतं, बाई, आणि मग मोठं होतं. त्याची वाट बघायला लागलं तर तिथंच अडकतं. काल रात्री विचारत होती, आपण बोटीनं जाऊन शोधू या का.”

“तुमचं पटतंय. पण खरं सांगू? तिच्या जागी मी असते तर मीही हेच धरून बसले असते. एखाद्या किनाऱ्याला लागला असेल, कुणीतरी सांभाळलं असेल. माणसाला जगायला तेवढं तरी लागतंच ना? तुम्हाला नाही कधी असं वाटत?”

आई उठली. जिन्याकडचं दार तिनं अलगद लावून घेतलं, कडी घातली. मग मशीनपाशी येऊन बसली, पण पाय पेडलवर ठेवले नाहीत. पहिल्यांदाच तिच्या गालावरून पाणी ओघळलं आणि तिनं ते पुसलं नाही.

“वाटायचं काय त्यात?” ती म्हणाली. “जहाजावरचा बरोबरचा माणूस त्याला डोळ्यांनी बघून आलाय. घर आहे त्याचं तिकडे, बायको आहे, दोन वर्षांची मुलगी आहे. नावसुद्धा हिचंच ठेवलंय.”