तेविसावी खिडकी

"तेविसाव्या खिडकीत दिवा नको," वायरमन शिडीवरूनच म्हणाला.

बाईंनी मान वर केली. दोन महिने हा माणूस गिरणीच्या भिंतीला पालीसारखा चिकटून काम करत होता आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. आज काढलं तेही हेच.

"तुम्हीसुद्धा?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, निदान बाहेरगावचा माणूस तरी यात पडणार नाही."

तो पुन्हा वायर सोलायला लागला.

वेशीजवळची ही तेलगिरणी दीडशे वर्षांची. अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी ती पेटली, तेव्हा पाळीवरची सगळी माणसं आतच होती. तेवीस जण. पुढच्या दारात आग होती आणि मागच्या दाराला कुलूप होतं. राखेत कोण कोणाचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

यंदा गावाने मिळून त्या भिंतीवर उजेड आणि आवाजाचा कार्यक्रम करायचं ठरवलं होतं. एकेका माणसाची एकेक खिडकी. घरचे त्याला ज्या नावाने बोलवायचे, त्याच नावाने त्यांनी हाक मारायची, ती ध्वनिमुद्रित करायची. हाक वाजली की खिडकीत दिवा लागणार. मग ओ यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी शांतता. ओ येत नाही, दिवा हळूहळू विझतो. ही कल्पना शाळेच्या बाईंची. त्यांचे वडील चौथ्या खिडकीत होते.

बावीस हाका गोळा झाल्या. अडलं ते तेविसाव्यापाशी. तो राखणदार होता, आणि मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे होती. कामाला लागून जेमतेम आठवडा झालेला. गावात त्याचा चेहराही कोणाला धड आठवत नव्हता. किल्ली मात्र सगळ्यांना आठवत होती.

"माझ्या भावाच्या शेजारी त्याचा दिवा लागला, तर आमची हाक काढून टाका," बेकरीवाले काका सभेत म्हणाले होते. त्यांच्या मागे आणखी नऊ घरं उभी राहिली.

"काका, तेल चोरीला जातं म्हणून कुलूप लावायला मालकाने सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि तोही तिथंच जळला ना? मेलेल्या माणसावर अजून किती राग धरायचा?"

काकांनी सभेवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "त्याचं कोणी असेल तर येऊ दे. सख्ख्या माणसाने हाक मारली तर माझी हरकत नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवसापर्यंत कोणी आलं नाही, तर खिडकी अंधारात राहील."

बाईंनी पत्रांवर पत्रं टाकली. शेवटी राखणदाराच्या आईचा पत्ता लागला. उद्घाटन उद्यावर आलं होतं, आणि म्हातारी आज दुपारच्या गाडीने येणार होती.

"तिला परत पाठवा," वायरमन पुन्हा म्हणाला. या वेळी खाली न बघता. "म्हातारं माणूस. जुनी खपली कशाला काढता?"

"तुम्ही दिव्याचं बघा," बाई जरा तोडूनच बोलल्या. "ती खिडकी कालपासून पेटत नाहीये. बाकीच्या बावीस बरोबर लागतात आणि नेमकी हीच कशी रुसते?"

म्हातारी आली ती बाईंचा हात धरून. डोळ्यांना फक्त उजेड आणि सावल्या दिसत होत्या. अंगण भरलेलं होतं. सगळी घरं आली होती, बेकरीवाले काका हाताची घडी घालून पुढेच उभे होते. कोणी तिला या म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही. बाईंना फार लाज वाटली.

वजनकाट्याच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय होती. म्हातारी आत गेली आणि लगेच बाहेर आली. "या कपाटात तोंड घालून हाक कशी मारू, बाई? पोरगं अंगणात असायचं."

मग मायक्रोफोनच बाहेर आणला.

"मी उतरतो, मग घ्या," वायरमन वरून दबक्या आवाजात म्हणाला. 

"नको, शिडी करकरते. सगळं आवाजात येईल. जोडणी झाली ना? मग आहात तिथंच थांबा, हलू नका."

म्हातारीने बाईंची बाही ओढली. "एक विचारू? त्याच्यापायी गेली ना ही माणसं?"

"नाही आजी. तोही त्यांच्यातच गेला."

"हं." तिने पदराने तोंड पुसलं. "तो दार सोडून गेला नाही, एवढ्यावरच दिवस काढले मी. नाहीतर या लोकांपुढे कुठल्या तोंडाने उभी राहिले असते?"

बेकरीवाल्या काकांनी हाताची घडी सोडली. पुढे होऊन त्यांनी खुर्ची आणून तिच्यामागे ठेवली. ती बसली नाही.

"कुठल्या नावाने बोलवायचात?" बाईंनी विचारलं.

"भुंग्या. सारखा गुणगुणायचा, म्हणून."

बाईंनी बटण दाबलं. अंगण चिडीचूप झालं.

"भुंग्या!"

तेविसाव्या खिडकीत दिवा लागला. कोणी खोकलंही नाही. दोन-तीन बाया डोळे पुसत होत्या. ज्यांनी अठरा वर्षं या माणसाला शिव्या घातल्या, तेही मान खाली घालून उभे होते. बाई मनातल्या मनात आकडे मोजत होत्या. दिवा मंद झाला, विझला.

म्हातारीला ते दिसलं नाही. तिला फक्त उत्तर आलं नाही, एवढं कळलं. ती चिडली. अगदी घरच्यासारखी, खरीखुरी चिडली.

"अरे भुंग्या, जेवण निवतंय! किती वेळ वाट बघू रे?"

दिवा पुन्हा लागला. पुन्हा शांतता. बाईंनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

"आलो गं, आई," शिडीवरून आवाज आला.