डावा स्पीकर

थोरला भिंतीला कान लावून उभा होता. पलीकडे धाकट्याच्या घरात गाणं लागलं होतं. शब्द कळत नव्हते, सूरही धड लागत नव्हता. येत होता तो फक्त खर्ज. धुम्... धुम्... भिंत पोटातून घुमत होती.

"ऐकलंस? याला म्हणतात बास," तो बायकोला म्हणाला. "आणि आपला बघ. पत्र्याच्या डब्यात माशी शिरल्यासारखा."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला तर आपला बरा वाटतो."

"तुला काय, मिक्सरही सुरात वाटतो."

भिंत नवी होती. वडील गेल्यावर दोघा भावांनी हॉलच्या मधोमध ती घातली. भांडण असं झालं नव्हतं. बोलणं कमी होत होत दारातल्या दारात मान हलवण्यावर आलं होतं, एवढंच. वाटण्या घरच्या रीतीने झाल्या. वाटे थोरल्याने पाडायचे, आधी उचलायचं धाकट्याने. म्हणजे पाडणाऱ्याचा हात सरळ राहतो. कपाटं, भांडी, पंखे, सगळं बिनबोभाट पार पडलं. राहता राहिली बाबांची स्पीकरची जोडी. लाकडी, गुडघ्याएवढी, दोन्ही दिसायला हुबेहूब. थोरल्याने जोडी फोडली, एक इकडे ठेवला, एक तिकडे. धाकट्याने क्षणभरही विचार न करता डाव्यावर हात ठेवला.

तो न केलेला विचारच थोरल्याला सलत होता. चमचे निवडताना ज्याने समोरचा चहा थंड केला, तो माणूस इथे झटकन हात घालतो? म्हणजे याला काहीतरी ठाऊक होतं.

पुढे दोघांनीही जोडीला एकेक नवा स्पीकर आणला, आणि थोरल्याच्या घरात स्टिरिओची शुश्रूषा सुरू झाली. तांबडी वायर तांबड्यात, काळी काळ्यात आहे ना, हे त्याने बॅटरी लावून तपासलं. जाड वायर आणली. स्पीकर कोपऱ्यात सरकवले, मग भिंतीला टेकवले. बासचं बटण पिळता येईल तेवढं पिळलं. सोफा तर इतक्यांदा हलवला की बायको बसण्याआधी हाताने चाचपायला लागली. दर वेळी तो डोळे मिटून ऐकायला बसायचा. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पलीकडून भिंत घुमायची आणि त्याच्यातली सगळी हवा निघून जायची.

आता तो पुन्हा सोफ्याकडे वळला, तशी बायकोने हातातली चादर खाली ठेवली.

"अहो, एकदा पलीकडे जाऊन तरी या. त्याच्या समोर बसून ऐका. काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

थोरल्याने चपला चढवल्या. आपला स्टिरिओ बंद करायचंही त्याला सुचलं नाही. काय बोलायचं ते त्याने दारातच घोकून ठेवलं: म्हणजे तुला ठाऊक होतं!

धाकट्याचं दार उघडंच होतं. थोरला आत आला आणि थबकला. गाणं तेच होतं, पण घुमणं कुठेच नव्हतं. घुमणं तेवढं भिंत पलीकडे जाऊ द्यायची. चिरका आवाज, खरखर, सगळं इथेच राहायचं. आणि दर ठोक्याला डावा स्पीकर म्हाताऱ्यासारखा खोकत होता. त्याची जाळी काढलेली होती. आतल्या कागदी पडद्याला कडेने ठिगळं होती, जुनी, पिवळी पडलेली. धाकटा गुडघे टेकून आणखी एक चिकटवत होता.

"दादा? ये ना, बस की." त्याने घाईघाईने आवाज बंद केला. "तुम्हाला त्रास होतो का रे याचा?"

"हा कधी फाटला?"

"बाबा होते तेव्हाच. मीच डागडुजी करायचो. जोडीत वाजायचा तेव्हा उजवा सांभाळून घ्यायचा त्याला, कुणाला कळायचं नाही."

खोली गप्प झाली, आणि भिंत घुमायला लागली. धुम्... धुम्... भरदार, खोल.

"बघ, तुझा कसा वाजतो," धाकटा हसला. "रोज ऐकतो मी."

थोरल्याच्या तोंडून घोकून आणलेलंच वाक्य निघालं, पण फार हळू. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"होतं की." धाकट्याने बोटावरचा डिंक पँटला पुसला. "आधी उचलायचं मला होतं ना. मी चांगला उचलला असता तर हा तुझ्या वाट्याला आला असता."