गालावरचा डाग

एका वाळूमाशीचा चावा. डाग झाकायचा पावडरचा डबा. फोटो स्टुडिओतलं डुगडुगणारं स्टूल.

"ताई, गालावरचा डाग पुसून टाकलाय. आता बघा, एकदम चकाचक!" फोटोवाला खुशीत म्हणाला.

"परत लावा."

"अगं, असू दे की!" आई कुजबुजली. "नाहीतर फोटो बघूनच नाकं मुरडतील."

"मुरडू देत. वाळूमाशीतून आलेल्या ज्या परजीवीने हा डाग दिला, त्याच्यावरच संशोधन करायची जागा निघालीय, हा फोटो त्याच अर्जाला लावायचाय. चोराच्या मागावर निघालेय आणि पुरावाच पुसू?"

फोटोवाल्याने जन्मात पहिल्यांदाच कुणाचा तरी डाग परत लावला.



ती सहावीत असताना डॉक्टर आईला म्हणाले होते, "या रोगावर कोणी संशोधनच करत नाही हो."