प्रियकराची पावलं

कच्च. तळघरातल्या शांततेत सुरी कोबीत मुठीपर्यंत रुतली. रोवेनानं श्वास रोखून तीन आकडे मोजले, मग सुरी हळूच पिळून बाहेर काढली. पडद्यावर पोस्टमन बर्फात कोसळला.

"मेला बिचारा!" हेडफोनमध्ये डेझ्मंड खूश होऊन म्हणाला. सिनेमाचा दिग्दर्शक तो. टोरांटोत आपल्या घरी बसून ऐकत होता. "चल, आता चुंबन."

रोवेनानं बोटांवरचा कोबीचा रस पुसला आणि स्वतःच्याच मनगटाचं चुंबन घेतलं. जरा लांबवलं. सिनेमात मागाहून आवाज भरायचे, हे तिचं काम. हॅमिल्टनमधल्या भाड्याच्या घराच्या तळघरात ती ते करायची. तेवढा वेळ सहा वर्षांची टेस वर स्वयंपाकघरात मुकाट्यानं चित्रं काढत बसायची. बाहेर जुलैचा उकाडा होता आणि पडद्यावर नाताळ. निम्मा सिनेमा हसण्याचा, निम्मा किंचाळण्याचा. शहरातली मुलगी गावी येते, बेकरीवाल्याच्या प्रेमात पडते, आणि गावात एकेक माणूस मरू लागतो. मारणारा बेकरीवालाच. हे प्रेक्षकांना अगदी शेवटी कळतं.

"त्याची पावलं दोन्हीकडे तीच हवीत," डेझ्मंडनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आधी लोकांनी त्यांच्यावर भाळायचं, मग त्यांनाच घाबरायचं. बदलेल ते फक्त संगीत."

आजच्या प्रसंगात तो फुलं घेऊन तिच्या दाराशी येतो. रोवेना मक्याच्या पिठाच्या पिशवीवर चालली. बर्फ छान करकरला. पावलं मात्र काही केल्या जमेनात.

"रोवे, अगं, प्रियकर आहे तो! पेशंट जागा होईल म्हणून जपून चालणारी नर्स नाही. वजन टाक की. घरात पुरुषाचे बूट नाहीत का?"

होते. तिच्या नवऱ्याचे, ग्रेडीचे. फेब्रुवारीत तो सडबरीला भावाकडे राहायला गेला, तेव्हापासून कपाटात पडून होते. सकाळी त्याचा निरोप आला होता. 'पाच महिने राग आवरायला शिकवणाऱ्या वर्गाला जातोय. परत हात उचलणार नाही. येऊ का घरी? आजच सांग.'

सासू फोनवर म्हणायची, "तुमचं काय असेल ते असो, पोरीला बाप हवा." रोवेनालाही ते पटत चाललं होतं. टेसला कुठे काय माहीत होतं? तसलं सगळं टेस झोपल्यावरच व्हायचं, आणि रोवेना ओठ घट्ट मिटून घ्यायची. आवाज कसा लपवायचा, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? एकसुद्धा तिनं पोरीच्या खोलीपर्यंत जाऊ दिला नव्हता.

तिनं बुटांत मोजे कोंबले, पाय घातले आणि ग्रेडीसारखी चालली. डावी टाच जड. उजवं पाऊल किंचित ओढलेलं. दारापाशी आल्यावर क्षणभर थांबणं.

"हाच! हाच तो!" डेझ्मंड ओरडला. "अगं, या चालीवर कुणीही जीव टाकेल!"

रोवेनाला हसू आलं. तिनंही टाकला होता. लग्नाआधी ही पावलं जिन्यात वाजली की ती आरशाकडे धावायची. बूट तसेच पायात ठेवून तिनं फोन उचलला आणि लिहिलं, 'ये.'

लगेच उत्तर आलं. 'निघालो.'

"आता खराखुरा लाकडी जिना हवा," डेझ्मंड म्हणाला. "आहे का?"

तळघरातून स्वयंपाकघरात जाणारा जिना लाकडीच होता. तिनं माईक पायऱ्यांशी आणून ठेवला आणि चढू लागली. डावी टाच जड, उजवं पाऊल ओढलेलं. सावकाश. वरच्या दाराशी आल्यावर ती क्षणभर थांबली, मग दार उघडलं.

टेबलाशी कुणीच नव्हतं. एक हिरवा खडू फरशीवरून अजून घरंगळत होता.

"टेस?"

बेसिनखालच्या कपाटाचं दार बोटभर उघडं होतं.

टेस आत होती. साबणाच्या बाटल्या नीट एका कडेला सारलेल्या. खाली तिची जुनी उशी, कोपऱ्यात बिस्किटांचा अर्धा पुडा. गुडघे हनुवटीला टेकवून, दोन्ही हात तोंडावर दाबून ती बसली होती. तिनं आधी बूट पाहिले. बराच वेळ पाहिले. मग वर चेहऱ्याकडे पाहिलं.

"तू आहेस होय," ती कुजबुजली.

"अप्रतिम!" रोवेनाच्या कानात डेझ्मंड बोलतच होता. "काय प्रेम आहे गं त्या पावलांत!"

रोवेनानं हेडफोन काढला आणि खाली बसली. टेसनं अंग चोरून आत सरकून पाहिलं. मागे नळाचा पाइप होता. आईचे खांदे, आईचे गुडघे तिनं डोळ्यांनी मापले आणि मान हलवली.

"इथं एकच जण मावतं," ती म्हणाली. "आई, तू कुठं लपतेस?"