मॅगपायची ओळखपरेड

मॅगपाय पक्षी माणसाचा चेहरा विसरत नाही, हे समितीला पटलं तरच पक्षी-संशोधिका डॉ. ब्रॉनवेनचं अनुदान टिकणार होतं. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या बागेत येताच अध्यक्षांनी दाढीवाल्या डॅरिलचा हात धरला. “डॉक्टर, फार ऐकलंय तुमच्याबद्दल!”

“मी गाडी चालवतो, मित्रा. डॉक्टर त्या.”

“विनोदी आहात हं!”

इतक्यात झाडावरून एक बाप मॅगपाय सुटला. गेल्या वर्षी आपल्या पिल्लांच्या पायात ओळखीची कडी अडकवणारी बाई त्याला पक्की आठवत होती. समितीची सगळी टकलं ओलांडून त्याने नेमकी ब्रॉनवेनच्या कानाला चोच मारली.

अध्यक्ष भारावले. त्यांनी डॅरिलला मिठीच मारली. “मानलं, डॉक्टर! एवढ्या गर्दीत त्याने तुमची असिस्टंट बरोब्बर हेरली. अनुदान कायम! माणसं ओळखावीत तर या पक्ष्यांनीच!”