पापलेटांची झबली

हिराजी तांडेलांच्या टोपलीतलं एकेक पापलेट मत्स्यसंशोधक केतकी पट्टीवर ठेवून मोजत होती.

"मॅडम, कपडे शिवताय काय त्यांना?" हिराजींनी विचारलं.

"झबलीच शिवावी लागतील, काका. या लांबीचं पापलेट अंडी घालण्याच्या वयाचंच नसतं, आणि टोपलीत सगळी तशीच. हे बारीक भोकांचं जाळं सोडा, नाहीतर पापलेट संपेल."

"एका टोपलीवरून सांगता? अख्खा समुद्र मोजलात काय?"

"लग्नाच्या मांडवात नुसती पोरंच दिसली, एकही मोठं माणूस नाही, तर काहीतरी बिनसलंय हे कळायला पाहुणे मोजावे लागतात?"

खलाशी हसले. हिराजी मात्र टोपलीकडे बघत राहिले. मोठी मंडळी कुठे गेली, ते त्यांना ठाऊक होतं. लेकीच्या लग्नात त्यांनीच ती तळून, आग्रह करकरून पंगतीला वाढली होती.

संध्याकाळी त्यांनी हौसेनं घेतलेलं ते बारीक भोकांचं नवं जाळं बायकोसमोर ठेवलं. "उद्यापासून जुनं, मोठ्या भोकांचं नेणार. मासळी कमी येईल."

"आणि ह्याचं काय करू?"

"परसातल्या दोडक्याच्या वेलाला बांध," हिराजी म्हणाले. "दोडके कोवळेच बरे."