नमुना

"बाबा, तुमच्या कारखान्याचं पाणी नदीत सुटतं ना, तिथनं एवढी बाटली भरून आणा." लेक विद्यापीठात पर्यावरण शिकत होती. जगभरातल्या नद्या कशाने नासतात आणि त्यावर उपाय काय, हा तिचा प्रकल्प होता.

बाबांची त्या कारखान्यात तीस वर्षं गेली होती. खाल्ल्या मिठाला जागावं, तर लेकीचं मन मोडवेना. शेवटी त्यांनी दोन्ही साधलं. सकाळी लेक आणि छोटा नातू उठायच्या आत घरातल्याच नळाखाली बाटली भरली, दिवसभर डब्याच्या पिशवीत ठेवली आणि संध्याकाळी गुपचूप तिच्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी ती प्रयोगशाळेचा कागद घेऊन तणतणत आली. "बघा, काय सोडतात तुमचे मालक! नुसतं शिसं आहे यात. सर म्हणाले, हे पाणी जनावरालाही पाजू नका."

आत नळ वाहिल्याचा आवाज आला, तसे बाबा धडपडत उठले आणि नातवाच्या ओठाला लागलेला पेला त्यांनी हिसकावून घेतला.